एका चेंडूला ऐंशी ट्रॉल्या कांदा

जून २०२२ मध्ये सलग तीन दिवस एक ई-लिलाव चालला. पुढच्या पाच वर्षांतले आयपीएलचे ४१० सामने दाखवण्याचा हक्क विकायला काढला होता. बोली थांबली तेव्हा आकडा होता ४८,३९० कोटी रुपये. एवढी रक्कम वाचली की डोळे पुढच्या ओळीवर जातात आणि डोक्यात काहीच राहत नाही. म्हणून ती आपल्या नाशिक जिल्ह्याच्या मापाने, म्हणजे कांद्याने, मोजू.

कांद्याला क्विंटलला २,००० रुपये भाव धरा. त्या भावाने ४८,३९० कोटींत सुमारे २४२ लाख टन कांदा येतो. २०२३-२४ या वर्षात अख्ख्या भारतात जेवढा कांदा पिकला, जवळजवळ तेवढाच. लासलगाव, पिंपळगाव, येवला, मनमाड, सटाणा, शिवाय नगर, पुणे, सोलापूर, धुळे, पुढे मध्य प्रदेश, कर्नाटक, गुजरात, राजस्थान, सगळ्यांचा वर्षभराचा माल एकीकडे आणि पाच उन्हाळ्यांतल्या संध्याकाळच्या खेळाचं चित्रण एकीकडे.

आता आणखी जवळ जाऊ. ४१० सामन्यांनी भागलं की एका सामन्याला ११८ कोटी येतात. एका सामन्यात दोन्ही डाव पूर्ण झाले तर २४० चेंडू. म्हणजे एका चेंडूला ४९ लाख रुपये, वाइड आणि नो-बॉल सोडून. तोच भाव लावला तर ४९ लाखांत २,४५० क्विंटल कांदा. ट्रॅक्टरच्या एका ट्रॉलीत ३० क्विंटल धरला तर ऐंशीहून अधिक ट्रॉल्या. गोलंदाज धावत येतो, फलंदाज चेंडू सोडून देतो, यष्टिरक्षक तो अडवतो. धाव नाही, बळी नाही, काहीच घडलेलं नाही. तेवढ्यात ऐंशी ट्रॉल्या रिकाम्या झाल्या.

ही किंमत एका रात्रीत चढलेली नाही. २००८ मध्ये आयपीएल सुरू झाली तेव्हा दहा वर्षांचे हक्क शंभर कोटी डॉलरहून थोड्या अधिक रकमेला गेले होते, तेव्हाच्या दराने चार हजार कोटींच्या आसपास. २०१७ मध्ये पुढच्या पाच वर्षांसाठी स्टारने १६,३४७.५ कोटी मोजले. त्यानंतरच्या लिलावात ती रक्कम जवळपास तिप्पट झाली. कंपन्या हे पैसे खेळाच्या प्रेमापोटी देत नाहीत, हे सांगायला नको. त्या जे विकत घेतात ते मैदानावर नसतंच. ते असतं तुमच्या-माझ्या घरात, सोफ्यावर, खाटेवर, दुकानाच्या गल्ल्यामागे. माणूस उठून जात नाही, हीच ती वस्तू.

न उठता बसलेली माणसं किती, याचाही हिशोब आहे. २०२३ चा एकदिवसीय विश्वचषक भारतात टीव्हीवर ५१.८ कोटी लोकांनी पाहिला. पाहण्याची एकूण वेळ भरली ४२,२०० कोटी मिनिटं. मिनिटांची वर्षं केली तर आठ लाखांहून अधिक वर्षं होतात. आपली मानवजात पृथ्वीवर येऊन तीन लाख वर्षांच्या आसपास झाली, असं शास्त्रज्ञ मानतात. म्हणजे त्या दीड महिन्यात या एका देशाने मानवजातीच्या वयाच्या अडीच पटीहून जास्त काळ क्रिकेट बघण्यात घालवला. डोक्याप्रमाणे वाटलं तर प्रत्येकाच्या वाट्याला साडेतेरा तास येतात. रब्बीच्या पेरण्या, दिवाळीची साफसफाई, सहामाही परीक्षा, सगळं चालू असताना काढलेले साडेतेरा तास.

त्या स्पर्धेच्या ४८ सामन्यांना मैदानावर मिळून १२,५०,३०७ प्रेक्षक आले. २०११ च्या जनगणनेत नाशिक शहराची लोकसंख्या १४ लाख ८६ हजार होती. सगळ्या सामन्यांचे सगळे प्रेक्षक नाशकात आणून ठेवले असते तरी शहर पूर्ण भरलं नसतं. मात्र १९ नोव्हेंबर २०२३ च्या अंतिम सामन्याच्या वेळी एका क्षणी ५ कोटी ९० लाख लोक हॉटस्टारवर एकाच वेळी होते. ती चाळीस नाशिक शहरं झाली. बाळापासून म्हाताऱ्यापर्यंत सगळे मोबाइलकडे डोळे लावून बसलेले. टीव्हीवर बघणारे याशिवाय.

आणि त्या रात्री आपण हरलो. ओळीने दहा सामने जिंकून अकरावा हरलो. हा सगळा व्यापार उभा कशावर आहे, हा प्रश्न मला तिथे पडतो. इतका वेळ आणि इतका जीव देऊन चाहत्याच्या पदरात काय पडतं?

ससेक्स विद्यापीठातले पीटर डॉल्टन आणि जॉर्ज मॅकेरॉन या अर्थशास्त्रज्ञांनी २०१८ मध्ये याचा हिशोब मांडला. ब्रिटनमधले ३२,००० लोक एका मोबाइल ॲपवर दिवसातून काही वेळा आपण किती आनंदात आहोत ते शंभरपैकी गुण देऊन नोंदवत होते. अशा ३० लाख नोंदी जमल्या. त्यावरून दिसलं, की आपला फुटबॉल संघ जिंकला की पुढच्या तासाभरात चाहत्याचा आनंद सरासरी ३.९ गुणांनी वाढतो. संघ हरला की तो ७.८ गुणांनी घसरतो. बरोबर दुप्पट.

हा हिशोब आयपीएलला लावून पाहा. विजय ३.९ देतो आणि पराभव ७.८ नेतो, तर नुसती तोंडमिळवणी व्हायला तीनपैकी दोन सामने जिंकायला हवेत. २००८ पासून आजवर या स्पर्धेत आलेल्या एकाही संघाला एकूण सामन्यांत ते जमलेलं नाही. पाच-पाच वेळा चषक उचललेल्या मुंबई आणि चेन्नईलाही नाही. दर वर्षी दहा संघ उतरतात आणि नऊ संघांचे चाहते हळहळत घरी जातात. बंगळुरूच्या चाहत्यांनी अठराव्या हंगामात, जून २०२५ मध्ये, पहिला चषक पाहिला. कुठल्याही शहाण्या व्यापाऱ्याने हा धंदा पहिल्या तीन वर्षांत बंद केला असता.

नुकसान मनाचंच होतं असंही नाही. २००६ चा फुटबॉल विश्वचषक जर्मनीत झाला, तेव्हा म्युनिक आणि आसपासच्या भागात हृदयविकाराच्या तातडीच्या ४,२७९ रुग्णांच्या नोंदी डॉक्टरांनी तपासल्या. जर्मनीचा सामना असेल त्या दिवशी अशा रुग्णांचं प्रमाण एरवीच्या २.६६ पट होतं. पुरुषांत ते तिपटीहूनही जास्त. मैदानावर धावत होते अकरा जण आणि छातीवर हात धरून दवाखान्यात पोचत होते ते, जे खुर्चीतून उठलेही नव्हते.

८ एप्रिल २०२५ च्या रात्री मी पिंपळगाव बसवंतला होतो. उन्हाळ कांद्याचा हंगाम, सकाळच्या लिलावासाठी रात्रीच नंबर लावून उभे असलेले ट्रॅक्टर. एका ट्रॅक्टरच्या मडगार्डवर मोबाइल पाण्याच्या बाटलीला टेकवून ठेवला होता आणि पस्तिशीतला एक शेतकरी टपावर बसल्यासारखा सीटवर पाय वर घेऊन सामना बघत होता. अंगात चेन्नईची पिवळी जर्सी, धुऊन धुऊन फिकट झालेली, खांद्यावर टॉवेल. पंजाबच्या प्रियांश आर्यने ४२ चेंडूंत १०३ धावा ठोकल्या होत्या आणि चेन्नईला २२० हव्या होत्या. ऋतुराज गायकवाड एका धावेवर परत गेला होता. कॉनवे खेळत होता, पण धावगती आवाक्याबाहेर चालली होती.

मी म्हटलं, "गेली ना भाऊ मॅच. पडा की थोडं, पहाटे उठायचंय."

"थांबा ना भाऊ, धोनी यायचाय अजून."

धोनी आला, १२ चेंडूंत २७ करून गेला, चेन्नई १८ धावांनी हरली. ओळीने चौथा पराभव. मधल्या वेळात त्याने मला दोन गोष्टी सांगितल्या. पहिली रामकृष्ण घोषची. हा वेगवान गोलंदाजी करणारा अष्टपैलू नाशिकचा, आणि आदल्या नोव्हेंबरच्या लिलावात चेन्नईने त्याला ३० लाखांना घेतलं होतं. "आपला पोरगा आहे. एक ओव्हर तरी द्या म्हणावं त्याला." कॅमेरा डगआउटकडे वळला की तो मोबाइल उचलून डोळ्यांजवळ धरायचा. घोषची संपूर्ण हंगामाची बोली ३० लाख आणि एका चेंडूची प्रक्षेपण-किंमत ४९ लाख, हे गणित मला घरी आल्यावर सुचलं. त्या हंगामात घोषला एकही सामना मिळाला नाही. ज्याच्यासाठी मडगार्डवरचा मोबाइल उचलला जात होता त्याच्या वाट्याला आलेले चेंडू शून्य.

दुसरी गोष्ट त्याच्या थोरल्या भावाची. तो चाकणला कंपनीत कामाला आहे. दोघांत घराच्या वाटणीवरून मध्यंतरी बोलणं तुटलं होतं. आता दर सामन्याला षटकं संपली की एकमेकांना फोन जातो. त्या रात्रीही तीनदा आला. "आम्ही बोलतो ते मॅचमुळंच. नाहीतर बोलणार काय? कांद्याचा भाव?"

मला त्याचं हे वाक्य सगळ्या संशोधनापेक्षा मोलाचं वाटतं. कांद्याचा भाव हा विषय दोन भावांत निघाला की लगेच कर्ज येतं, वाटणी येते, कोणाचं चुकलं ते येतं. चेन्नईचा पराभव दोघांचा सारखाच असतो. त्यात कोणी कोणाचं देणं लागत नाही. हळहळ मात्र खरी असते, पूर्ण मापाची, आणि ती वाटून घेता येते. चेन्नईने त्या वर्षी १४ पैकी ४ सामने जिंकले, १० हरले आणि तळाशी राहिली. ब्रिटिश हिशोबाने या माणसाच्या खात्यावर उणे ६२.४ गुण जमा झाले. भावाचे फोन त्या खात्यात धरलेले नाहीत.

हेन्री ताजफेल या मानसशास्त्रज्ञाने १९७० च्या सुमारास ब्रिस्टलमध्ये चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांवर एक प्रयोग केला. मुलांना दोन चित्रकारांची चित्रं दाखवून, तुझी आवड अमक्याची, म्हणून तू या गटात, असं सांगितलं. खरं तर वाटणी कशीही केलेली होती. गटातली इतर मुलं कोण हे कुणालाही ठाऊक नव्हतं, स्वतःला काही मिळणार नव्हतं. तरीही पैसे वाटायची वेळ आली तेव्हा मुलांनी आपल्या गटाला झुकतं माप दिलं. गट बनायला माणसाला इतकं थोडं पुरतं. मग जिथे पिवळा रंग आहे, धोनी आहे, पुण्याचा ऋतुराज कर्णधार आहे, बाकावर नाशिकचा पोरगा आहे आणि चाकणला भाऊ आहे, तिथे काय होईल? चेन्नई पिंपळगावपासून हजार किलोमीटरहून दूर आहे, ही अडचण मग कुणाला जाणवत नाही.

अमेरिकेत रॉबर्ट चाल्डिनी यांनी १९७६ मध्ये दाखवलं होतं, की विद्यापीठाचा फुटबॉल संघ शनिवारी जिंकला तर सोमवारी वर्गात संघाचे कपडे घातलेली मुलं जास्त दिसतात. विजयाची ऊब सगळ्यांनाच हवी असते, त्यात नवल नाही. मला नवल वाटतं ते चौथ्या पराभवाच्या रात्री ती फिकट जर्सी अंगात असण्याचं. बाजार विजयाच्या उबेवर चालतो असं आपण धरून चालतो. पण विजय मोजकेच असतात, तेवढ्यावर ४८,३९० कोटी उभे राहिले नसते. ते उभे आहेत हरल्यावर न उठणाऱ्या माणसांवर.

आपल्या जिल्ह्याने खेळाडू कमी दिले नाहीत, आणि ते पाहिले गेले का हा वेगळाच हिशोब आहे. सावरपाड्याच्या कविता राऊतने २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरमध्ये कांस्य जिंकलं, त्या स्पर्धेत ट्रॅकवर वैयक्तिक पदक मिळवणारी ती पहिली भारतीय महिला. त्याच वर्षी ग्वांगझू आशियाई स्पर्धेत त्याच अंतरात रौप्य. पंचवीस फेऱ्या, बत्तीस मिनिटांच्या आसपास धावून सुवर्ण हुकलं ते एका सेकंदाहूनही कमी फरकाने, तेही भारताच्याच प्रीजा श्रीधरनकडून. चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ, दुष्काळी गावचा, रिओ ऑलिंपिकमध्ये नौकानयनात तेरावा आला आणि २०१८ च्या आशियाई स्पर्धेत सांघिक सुवर्ण घेऊन आला. विदित गुजराथीने २०२४ मध्ये बुडापेस्टला बुद्धिबळ ऑलिंपियाडच्या सुवर्णपदकात वाटा उचलला. कबड्डीत नाशिकचा आकाश शिंदे २०२३ च्या आशियाई सुवर्णविजेत्या संघात होता. यातल्या कबड्डीचं उदाहरण बोलकं आहे. शतकभर गावोगाव खेळला जाणारा हा खेळ २०१४ मध्ये प्रो कबड्डीच्या रूपाने टीव्हीवर आला आणि पहिल्याच हंगामात ४३.५ कोटी प्रेक्षकांचा आकडा नोंदला गेला. खेळ तोच होता, चढाई तीच होती. लोकांना रोज ठरल्या वेळी, ठरल्या रंगात, आपला म्हणायला एक संघ मिळाला. कविताला ते कधीच मिळालं नाही. वर्षातून एकदा बातमी, एकदा मिरवणूक, आणि मधले महिने तिच्या गावापुरते. धावपटूवर प्रेम करायला लोक तयार नव्हते असं मला वाटत नाही, त्यांना तिची पुढची शर्यत कधी आहे हेच कुणी सांगत नव्हतं.

महिला क्रिकेटमध्ये हे बदलताना आपण डोळ्यांनी पाहिलं. भारताने महिलांचा विश्वचषक पहिल्यांदा भरवला १९७८ मध्ये. २००५ ला अंतिम फेरीत हार, २०१७ ला लॉर्ड्सवर ९ धावांनी हार. मग २ नोव्हेंबर २०२५, नवी मुंबईचं डी. वाय. पाटील मैदान. पावसामुळे सामना उशिरा सुरू झाला, ३९,५५५ लोक बसून राहिले. भारत २९८, दक्षिण आफ्रिका २४६. शेवटचा झेल हरमनप्रीतने घेतला तेव्हा मध्यरात्र झाली होती. मोबाइलवर तो सामना बघणाऱ्यांची संख्या १८.५ कोटी नोंदवली गेली. मला त्या आकड्यापेक्षा आमच्या गल्लीतला बदल मोठा वाटतो: दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बॅट मुलींच्या हातात होती आणि मुलगे क्षेत्ररक्षणाला उभे होते. स्मृती कोण, जेमिमा कोण, दीप्ती कोण यावरून भांडण झालं, शफालीला दोन दावेदार निघाले. नाशिकच्या माया सोनवणेने २०२२ मध्ये पुण्याच्या मैदानावर मान पार खाली वाकवून टाकलेला लेगस्पिन देशभर मोबाइलवर फिरला होता. या मुलींनी तो व्हिडिओही शोधून काढला आणि ओट्यावर तशी गोलंदाजी करून पाहिली.

एवढ्या प्रेमाची गर्दी होते तेव्हा तिला जागा लागते, दारं लागतात, मोजणी लागते. ते तिला मिळत नाही, याचा मला राग आहे आणि तो मी लपवणार नाही. ४ जून २०२५ ला, अठरा हंगाम थांबलेल्या बंगळुरूत, चिन्नास्वामी मैदानाबाहेर चेंगराचेंगरीत ११ जण मेले. बहुतेक तरुण. त्यांना कुणाचं काही हिसकावून घ्यायचं नव्हतं, फक्त तिथे असायचं होतं. नाशिकला हे समजावून सांगावं लागत नाही. २७ ऑगस्ट २००३ ला सिंहस्थाच्या शाही स्नानाच्या दिवशी पंचवटीत ३९ भाविक चेंगरून गेले. पाच कोटी नव्वद लाख लोकांचे मोबाइल एका क्षणी अडखळू नयेत म्हणून केवढी यंत्रणा महिनोन् महिने राबते. एका चेंडूची किंमत ४९ लाखांपर्यंत अचूक काढता येते. त्याच माणसांची देहानिशी मोजणी करायची वेळ आली की दाराशी चार शिपाई आणि एक दोरखंड असतो. चाहत्याचं मिनिट महाग आणि चाहता स्वस्त, ही स्थिती मला सहन होत नाही.

जानेवारी २०२५ मध्ये नाशिकच्या हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानावर, म्हणजे आपल्या गोल्फ क्लबवर, महाराष्ट्र विरुद्ध बडोदा हा रणजी सामना झाला. ऋतुराज कर्णधार. महाराष्ट्राने बडोद्यापुढे ६१७ धावांचं लक्ष्य ठेवलं आणि त्यांना १७७ वर गुंडाळून ४३९ धावांनी सामना जिंकला. निकालात चुरस कसलीच उरली नव्हती. तरी लोक येत होते. जॉगिंग ट्रॅकवर फिरायला आलेले कुंपणाशी थांबायचे आणि तासाभराने घरून फोन आला की निघायचे. शाळा बुडवून आलेली पोरं होती, डबा घेऊन आलेले निवृत्त लोक होते. माझ्या शेजारी बसलेल्या एका आजोबांनी चौकटीच्या वहीत चेंडूगणिक टिंबं आणि आकडे भरले होते. तहान लागून पाणी प्यायला उठताना त्यांनी वही माझ्या हातात दिली आणि बजावलं, "चेंडू चुकवू नका हं. लेग-बाय असला तर बाजूला छोटा एल करा." मी दोन षटकं लिहिली. परत आल्यावर त्यांनी ती फलकावरच्या धावांशी ताडून पाहिली, एका ठिकाणी पेन्सिलने दुरुस्ती केली आणि पुढचं षटक लिहायला घेतलं. हक्कांच्या बाजारात त्या वहीतल्या चेंडूंना भाव नाही, तरी त्यांनी एकही चेंडू सोडला नव्हता.